दिवसाला फक्त चार

पुरुषोत्तम केळुसकरच्या आवाजाबद्दल इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या मराठी मंडळात दोन मतं नव्हती. एकच मत होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. बाकीच्यांनी त्याला कधी विरोध केला नव्हता, एवढंच. रीडिंगपासून बेसिंगस्टोकपर्यंत कुठल्याही मराठी घरात लग्न निघालं की मंगलाष्टकं पुरुषोत्तमने म्हणायची, हे गेली एकोणीस वर्षं ठरून गेलं होतं. भटजी लेस्टरहून आणायचे की साउथॉलहून यावर घराघरांत अबोला झाला, केटरर तर दरवर्षी बदलले, पण मंगलाष्टकं बदलली नाहीत. मग सख्ख्या भाचीचं लग्न ठरल्यावर त्याने कुणी विचारायची वाट न बघता चार नवीन कडवी रचून टाकली, यात त्याचं काय चुकलं?

भाची म्हणजे स्वराली, ब्रॅकनेलला राहणाऱ्या नंदाताईची एकुलती एक मुलगी. स्वराली नऊ वर्षांची असताना तिचे वडील हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून शाळेच्या पॅरेंट्स इव्हनिंगला, सायकल शिकवायला, युनिव्हर्सिटीत सामान पोचवायला मामाच जात होता. अशी ही भाची एका रविवारी मामाकडे आली, नवीन कडवी ऐकली, डोळे पुसले आणि मग सरळ अट घातली.

"मंगलाष्टकं तूच म्हणायचा, मामा. बट सिगरेट सोडायची. बाबाच्या जॅकेटला तोच वास होता. माझा लग्नात मला तो वास नको, मला तुझी आवाज पाहिजे."

इथे जन्मलेल्या मुलांचं मराठी कसंही असलं तरी त्यांना काय हवंय ते नेमकं कळतं. पुरुषोत्तमने हसत विचारलं की समजा नाही सोडली तर. त्यावर ती म्हणाली की मग परीक्षितकाका म्हणेल, त्याने विचारलंय.

परीक्षित हा तीन घरं सोडून राहणारा मूळचा नागपूरकर. मनाने चांगला. फक्त त्याच्याकडे चाकं असलेला एक भलामोठा कॅराओके स्पीकर होता आणि तो वापरायची संधी तो कायम शोधत असायचा. मंगलाष्टकं, आणि ती कॅराओकेवर? पुरुषोत्तमने त्याच संध्याकाळी सिगरेट सोडायचं जाहीर करून टाकलं. लग्नाला नऊ आठवडे होते.

आता या देशात सिगरेट सोडायची तर तीसुद्धा रीतसर सोडावी लागते. ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग फोन येतो, मग अपॉइंटमेंट मिळते. लायब्ररीच्या मागच्या एका खोलीत कौन्सिलने नेमलेल्या जॅनिस नावाच्या साठीच्या बाई बसल्या होत्या. पुरुषोत्तमबरोबर अर्थात त्याची बायको मनीषा गेली होती. केळुसकरांच्या घरात डॉक्टरकडे, दंतवैद्याकडे, चष्म्याच्या दुकानात कुणीही एकटं जात नाही. नवऱ्याच्या तब्येतीबद्दलचे प्रश्न नवऱ्याला विचारले जातात आणि उत्तरं मनीषा देते. पोट साफ होतं का, हा प्रश्नही तिने सत्तावीस वर्षं स्वतःच्या अंगावर घेतला होता.

जॅनिसबाईंनी विचारलं, दिवसाला साधारण किती.

मनीषा काही बोलली नाही. ती खिडकीतून बाहेरच्या पार्किंगकडे बघत बसली. पुरुषोत्तमला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण तो स्वतःच्याच अडचणीत होता. घरात त्याचा आकडा चार होता. सकाळच्या चहानंतर एक, ऑफिसात दोन, जेवणानंतर एक. मनीषाला दिलेल्या वचनाप्रमाणे हे कितीतरी वर्षं चाललं होतं. खरा आकडा अकरा होता.

"चार," पुरुषोत्तम म्हणाला. "फक्त चार."

मग बाईंनी एक छोटं यंत्र काढलं आणि त्यात श्वास रोखून फुंकायला सांगितलं. श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते त्यावर दिसतं. सतरा आला. बाईंनी आकड्याकडे बघितलं, पुरुषोत्तमकडे बघितलं, मनीषाकडे बघितलं आणि म्हणाल्या की चार ओढणाऱ्याला हा जरा जास्तच आहे.

आता पुरुषोत्तम हा व्यवसायाने टेस्टिंग मॅनेजर. आकडा आणि वस्तुस्थिती जुळत नसेल तर आधी कुणीतरी काहीतरी लपवतंय असं समजा, हे तो टीममधल्या पोरांना रोज सुनावायचा. पण स्वतःच्या श्वासाची वेळ आली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आमचं घर एम-फोर हायवेला लागून आहे."

हे खरं होतं. रीडिंगच्या लोअर अर्ली भागातल्या त्याच्या घराच्या मागच्या अंगणातून मोटरवे ऐकू येतो. जॅनिसबाईंनी "एम-फोर" असं कागदावर लिहिलं. इंग्रज माणूस तुम्हाला खोटं पाडत नाही, तुमचं खोटं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतो. मग चार ओढणाऱ्याला शोभेल असं वेप, म्हणजे वाफेची बॅटरीवरची सिगरेट, आणि त्यात भरायचं अगदी सौम्य ताकदीचं निकोटिनचं लिक्विड देऊन त्यांनी दोघांना निरोप दिला. दर आठवड्याला फोन करीन म्हणाल्या.

पहिल्या दिवशी पुरुषोत्तम खूष होता. राख नाही, वास नाही, लायटर शोधायला नको. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की हे ओढून काहीच होत नाही. म्हणून त्याने जरा जोरात ओढलं. तिसऱ्या दिवसापासून ते यंत्र त्याच्या हातातून खाली ठेवलंच जाईना. सिगरेट कशी, संपते तरी. हे संपतच नव्हतं. सकाळी दाढी करताना, गाडी सुरू व्हायच्या आधी, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, तो अगदी जीव खाऊन ओढायचा. आठवड्याअखेरीस घशात कुणीतरी खवलेल्या नारळाची करवंटी अडकवली आहे असं वाटायला लागलं. जॅनिसबाईंचा फोन आला तेव्हा त्याने खाकरून सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं.

सकाळी रियाजाला बसला तर सा लागला, पण तो त्याचा नव्हता.

मग सल्ले सुरू झाले. घसा बिघडलेला माणूस मराठी लोकांत सापडला की सगळ्यांना काय आनंद होतो, देव जाणे. नंदाताईने ज्येष्ठमध, खडीसाखर आणि हळदीची एक डबी पाठवली, वर फोन करून रोज विचारायची की गुळण्या करतोस ना रे पुरू. मनीषाने वाफारा घ्यायला लावला. टॉवेलखाली डोकं घालून पातेल्यातली वाफ घ्यायची, आणि टॉवेल बाजूला केला की पुन्हा ते यंत्र तोंडात. दिवसभरात त्याच्या घशाखाली इतकी वाफ जात होती की नाश्त्याला त्याच्यावर इडल्या लावता आल्या असत्या. शेजारचा कीथ कुंपणापलीकडून म्हणाला की गड्या, फ्लेवर बदल, मी आंबा घेतो. पुरुषोत्तमने आंबा आणला. तो आंबा कुठल्या झाडाचा होता ते कळलं नाही, पण देवगडशी त्याचा काही संबंध नव्हता आणि घसा होता तसाच राहिला.

परीक्षित रोज संध्याकाळी चौकशीला यायचा. घसा कसा आहे, हा प्रश्न तो इतक्या आस्थेने विचारायचा की पुरुषोत्तमला त्याचा संताप यायचा. त्याने मेन्थॉल सुचवलं. थंड असतं, घशाला आराम पडतो म्हणे. पुरुषोत्तमने मेन्थॉल भरलं आणि अर्धा तास त्याला बोलताच आलं नाही. परीक्षित तेवढ्या वेळात मंगलाष्टकांची चाल गुणगुणत बसला होता. मुद्दाम नाही, सहज.

ऑफिसातला प्रकार तर सांगायलाच नको, पण सांगतो. ब्रॅकनेलच्या त्याच्या ऑफिसात वेपला बंदी आहे, बाहेर गेटपाशी जावं लागतं. चार ओढणाऱ्याला ते जमलं असतं. पुरुषोत्तमला आता दर दहा मिनिटांनी गेटपाशी जावं लागलं असतं, म्हणून तो दुसऱ्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये शिरला आणि मनसोक्त ओढायला लागला. फायर अलार्म वाजला. तीनशे माणसं जॅकेटं न घालता फेब्रुवारीच्या थंडीत कार पार्कमध्ये उभी राहिली. आता दुसऱ्या मजल्याचा फायर मार्शल कोण, तर पुरुषोत्तम केळुसकर. नियमाप्रमाणे त्याने पिवळं जॅकेट चढवलं आणि टॉयलेट रिकामं असल्याची खात्री करून घेतली. ती करणं सोपं होतं, कारण तो स्वतःच त्यातून बाहेर येत होता. मग कार पार्कात त्याने खोकत खोकत सगळ्यांची हजेरी घेतली. धुरात अडकूनही ड्यूटी सोडली नाही असं वाटून फायनान्समधल्या एका बाईंनी त्याला पाणी आणून दिलं. घटनेचा अहवाल मार्शलनेच लिहायचा असतो. कारणांच्या यादीत टोस्ट, वाफ, कंत्राटदार आणि इतर असे चार पर्याय होते. त्याने वाफ निवडली. खोटं बोललो नाही, एवढं तरी समाधान.

तीन आठवडे झाले तरी खोकला हटेना, तेव्हा मनीषाने जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायचं ठरवलं. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, रांगेत तुमचा नंबर बाविसावा आहे हे ऐकायचं, आणि नंबर लागला की ऑनलाइन फॉर्म भरा हे ऐकायचं. फॉर्ममध्ये पुन्हा तोच प्रश्न होता: दिवसाला किती. पुरुषोत्तमचं बोट क्षणभर अडखळलं. पण कौन्सिलच्या कागदावर चार आहे, आणि दोन सरकारी कागदांत तफावत असणं बरं नव्हे, असा सुजाण नागरिकाला शोभेलसा विचार करून त्याने चार लिहिलं. आता तो आकडा अधिकृत झाला होता. पुरुषोत्तम स्वतःसुद्धा त्याच्यावर जवळजवळ विश्वास ठेवायला लागला होता.

जीपीच्या दवाखान्याने छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं. सिगरेट ओढणाऱ्याचा तीन आठवड्यांचा खोकला म्हटल्यावर ते पाठवतातच. पण रिपोर्ट येईपर्यंतच्या सहा दिवसांत घरात कुणी नीट जेवलं नाही. मनीषा काही बोलायची नाही. ती फक्त त्याच्या शर्टांना दुपटीने इस्त्री करत होती. पुरुषोत्तम पहिल्यांदाच घाबरला. घशाला नव्हे, तिच्या गप्प बसण्याला. रिपोर्ट स्वच्छ आला. तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली की कांदे चिरत होते. बाथरूममध्ये कुणी कांदे चिरतं का, हे तो त्या दिवशी विचारू शकला नाही.

लग्नाला साडेतीन आठवडे उरले. शनिवारी सकाळी नंदाताईच्या घरी मंगलाष्टकांची तालीम ठरली. स्वराली होती, मनीषा लग्नाच्या पुड्यांत अक्षता मोजून भरत होती, आणि परीक्षित त्याचा स्पीकर चाकांवर ढकलत घेऊन आला होता, गरज लागली तर असावा म्हणून. पुरुषोत्तमच्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप होतं. परीक्षितने तो फोन मोठ्या उत्साहाने स्पीकरला जोडला. खोली तानपुऱ्याने भरून गेली, आणि पुरुषोत्तमने डोळे मिटून सुरुवात केली.

पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्या कडव्यात स्वरालीच्या वडिलांचा उल्लेख होता. तिथे आवाज चिरकला. तो पाणी प्यायला, पुन्हा सुरुवात केली, आवाज पुन्हा चिरकला. शेवटी 'सावधान' हा शब्द वर न्यायचा असतो, सगळ्यांनी अक्षता टाकायची ती जागा. तिथे त्याच्या तोंडातून नुसती हवा आली.

नंदाताई पुढे आली, भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि फार हळू म्हणाली की असू दे रे पुरू, तू तिच्या मागे उभा राहा, तेच पुष्कळ आहे, म्हणायचं परीक्षित बघेल. परीक्षितने लगेच हो म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. स्वराली आपल्या अंगठीकडे बघत होती. पुरुषोत्तमला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की एकोणीस वर्षांतली सगळी लग्नं रद्द करून फक्त हे एक मिळालं तर बरं, असं त्याला वाटून गेलं. आणि खरं सांगायचं तर सिगरेट ओढायची इच्छाही त्याच क्षणी झाली.

तेवढ्यात तानपुरा थांबला आणि खोलीभर फोनची रिंग वाजली. परीक्षितने घाईघाईने स्पीकरचं कुठलंतरी बटण दाबलं. रिंग थांबली आणि जॅनिसबाईंचा आवाज नंदाताईच्या दिवाणखान्यात, थेट छताला लागेल इतका मोठा, घुमला. चार आठवड्यांचा फोन होता. सोमवारपासून त्यांची सुट्टी होती म्हणून त्यांनी तो शनिवारीच उरकायला घेतला होता.

घसा कसा आहे, असं बाईंनी विचारलं. पुरुषोत्तम छान म्हणायला गेला आणि खोकला. तो खोकलाही पलीकडून घुमून परत आला आणि स्पीकरवरून सगळ्यांनी पुन्हा ऐकला. मग बाई म्हणाल्या की त्यांनी आज त्याचा पहिला कागद पुन्हा काढून बघितला होता. सतरा हा काही चारचा आकडा नाही, लव्ह, एम-फोर असो नाहीतर नसो. लिक्विड जर माणसाला कमी पडत असेल तर तो दिवसभर तेच ओढत बसतो, आणि सिगरेटपेक्षा जोरात ओढतो. मग कुणाचाही घसा सोलून निघेल. चारच असतील तर हरकत नाही, आपण दुसरं काही बघू. पण आधी खऱ्या किती ओढायचास, तेवढं सांग.

स्पीकर बंद कसा करायचा ते फक्त परीक्षितला माहीत होतं, आणि परीक्षित जागचा हलत नव्हता.

पुरुषोत्तमने समोर बघितलं. नंदाताई होती, जिच्या नवऱ्याला त्याने बाल्कनीत उभं राहून स्वतः कितीदा तरी सिगरेट पेटवून दिली होती. स्वराली होती. मनीषा अक्षता भरत होती, मान खाली घालून, त्या दिवशी खिडकीतून बघत बसली होती अगदी तशीच. चार म्हटलं तर घरात इज्जत राहत होती आणि मंगलाष्टकं परीक्षितकडे जात होती. त्याने खाकरून घसा साफ केला, निदान प्रयत्न केला.

"अकरा," तो म्हणाला.

मनीषाने हातातली पुडी नीट दुमडली.

"बारा," ती मराठीत म्हणाली. "रोज संध्याकाळी गाडीत फोन विसरायचास आणि परत आणायला जायचास, ती."

"ती मी अर्धीच ओढायचो."

"अर्धी असली तरी पेटवायचास ना?"

त्याने विचारलं की तुला माहीत होतं तर त्या दिवशी बाईंसमोर बोलली का नाहीस. इतक्या वर्षांत दंतवैद्याला माझी दाढ कुठली दुखते तेसुद्धा तू सांगितलंस.

"हे तू सांगायचं होतंस," मनीषा म्हणाली. "म्हणून तर गप्प बसले. मला वाटलं आत्ता सांगशील, मग सांगशील. एक्स-रेच्या वेळी तरी सांगशील असं वाटलं होतं."

हे ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. पुरुषोत्तमने स्पीकरकडे तोंड करून इंग्रजीत बारा असं सांगितलं. जॅनिसबाई "थँक यू, लव्ह" म्हणाल्या आणि लिहून घेतलं. ऑफिसातला कुणी त्याच्यासमोर असा आकडा घेऊन आला असता तर त्याने त्याची तासभर हजेरी घेतली असती. बाईंनी अर्ध्या मिनिटात विषय संपवला. जास्त ताकदीचं लिक्विड घ्यायचं, घशाला मऊ लागतं ते, सॉल्टवालं. मेन्थॉल फेकून द्यायचं. ओढायचं ते सावकाश, दोन-चार झुरके, आणि मग खाली ठेवायचं. पाणी प्यायचं. बस्स. ज्येष्ठमधाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

स्वराली उठली आणि मामाला मिठी मारली. रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "बारा, मामा? यू आर सच अ लायर," असं ती त्याच्या खांद्यात म्हणाली, आणि मग वास घेऊन म्हणाली की मेन्थॉल खरंच फेक.

पाचव्या दिवशी करवंटी निघून गेली. दहाव्या दिवशी सा परत आला, आणि तो त्याचाच होता. ते यंत्र आता दिवसातला बराच वेळ टेबलावर पडून असायचं. परीक्षितने ते बघून लग्नात स्पीकर तानपुऱ्यासाठी तरी वापरा असं सुचवलं, आणि पुरुषोत्तमने मोठ्या मनाने परवानगी दिली.

बेसिंगस्टोकजवळच्या हॉलमध्ये लग्न लागलं. दुसऱ्या कडव्यात वडिलांचा उल्लेख आला तेव्हा आवाज पुन्हा हलला, पण त्यात घशाचा काही दोष नव्हता. सावधान वर गेलं, हवं तितकं थांबलं आणि अक्षता पडल्या. नंतर भाचीने हार सावरत त्याच्या शेरवानीचा वास घेतला आणि डांबरगोळ्या, असं जाहीर केलं. त्याच्या आजवरच्या सगळ्या लग्नांत मिळालेली सगळ्यात मोठी दाद तीच होती.

नंतरच्या मंगळवारी दोघं पुन्हा लायब्ररीमागच्या खोलीत गेले. पुरुषोत्तमने यंत्रात फुंकलं. दोन आला. जॅनिसबाईंनी विचारलं की अजून तिथेच राहता का, हायवेपाशी. तो हो म्हणाला. त्यांनी तेही लिहिलं.

मग त्यांनी विचारलं की शेवटच्या फोननंतर एखादी सिगरेट. मनीषाने प्रसन्न चेहऱ्याने त्याच्याकडे बघितलं. तिला उत्तर माहीत होतं.

"एक," पुरुषोत्तम म्हणाला. "लग्नाच्या दिवशी. पाठवणी झाल्यावर, हॉलच्या मागे. अख्खी."

मनीषाचा चेहरा उतरला. बाईंनी एक लिहिलं, म्हणाल्या असं होतं, आणि पुढची तारीख दिली.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता ती म्हणाली, "ही मला माहीत नव्हती."

"म्हणून तर सांगितली," पुरुषोत्तम म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.